कुरकुरीत हॅश ब्राउन : आधी पाणी काढा, मग दर काढा



सोलापूरच्या बॅचमधल्या एका ताईंचा परवा फोन आला. आवाज पडलेला. वाढदिवसाची १०० हॅश ब्राउनची ऑर्डर होती. घरी तळले तेव्हा झकास. गिऱ्हाइकाने डबा उघडला तेव्हा सगळे मऊ. पैसे अर्धेच हातात आले. "सर, पीठ कमी पडलं का?"

पीठ नाही ताई, पाणी जास्त झालं.

आपण सोलापूरकर. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आपल्याकडून पुण्या-मुंबईला जाते. कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते, कारण तिच्यातलं पाणी उडालेलं असतं. इथेही तेच. बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं. तेलात टाकल्यावर आधी ते वाफ होऊन बाहेर पडतं. ते निघाल्याशिवाय वरचा थर कुरकुरीत होत नाही.

कृती (१ किलो बटाटे)

१. बटाटा थंड गोदामातला असेल तर त्यात साखर वाढलेली असते. असा बटाटा कुरकुरीत व्हायच्या आधीच काळा पडतो. म्हणून घाऊक घेण्याआधी एक-दोन बटाटे घरी तळून बघा. चिप्ससाठीचा बटाटा मिळाला तर उत्तम.

२. सालं काढून मोठ्या भोकाच्या किसणीवर लांब किसा. कीस लगेच थंड पाण्यात टाका. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीन वेळा धुवा, म्हणजे वरचा स्टार्च निघतो.

३. उकळत्या पाण्यात २ मिनिटं ठेवून निथळा आणि पूर्ण गार करा.

४. आता खरं काम. पातळ सुती पंचात बांधून घट्ट पिळा. गाव टॉवेलचं असलं तरी टर्किश टॉवेल घेऊ नका, कीस त्याला चिकटतो.

५. २ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, १ चमचा तांदळाचं पीठ आणि मिरपूड घाला. मीठ शेवटी घाला, कारण मीठ पाणी सोडायला लावतं.

६. ५० ग्रॅमचे चपटे तुकडे थापून फ्रीझरमध्ये कडक करा. तळताना बाहेर काढून ठेवू नका, थेट गरम तेलात सोडा. एका घाण्यात गर्दी नको. खालची बाजू सोनेरी झाल्याशिवाय उलटू नका.

७. तळल्यावर जाळीवर पसरा, एकावर एक रचू नका. ताईंची दुसरी चूक इथेच झाली. गरम माल झाकणबंद डब्यात भरला, वाफ आतच अडकली. भोकं असलेला कागदी डबा वापरा. लांब जायचं असेल तर गोठवलेलाच माल द्या आणि तळायची पद्धत लिहून द्या.

आता दर

इथे बरेच जण फसतात. ताई आता कीस नीट पिळणार, म्हणजे वजन घटणार. समजा, बटाटा ३० रुपये किलो आहे आणि साल काढून, पिळून हातात ७०० ग्रॅम कीस आला. म्हणजे किसाचा दर सुमारे ४३ रुपये किलो. १०० नगांना ५ किलो कीस लागतो, म्हणजे बटाटे सव्वासात किलोच्या आसपास.

ताईंनी हिशेब ५ किलो बटाट्यांचा धरला होता, म्हणजे १५० रुपये. खरा खर्च जवळपास २१५. जुन्याच दराने विकलं तर माल कुरकुरीत होईल, पण नफा मऊ पडेल! तेलाचंही तसंच. तळण्याआधी आणि नंतर तेल मोजा; जेवढं कमी झालं तेवढा खर्च. वर गॅस, पॅकिंग आणि तुमची मजुरी. "घरचंच काम आहे" म्हणून मजुरी शून्य लिहायची नाही.

एकादशीची संधी

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. आषाढीला घरोघरी बटाट्याचा कीस होतो. तोच कीस हॅश ब्राउनच्या रूपात द्या. कॉर्नफ्लोअर आणि तांदळाच्या पिठाऐवजी शिंगाड्याचं पीठ घाला, चवीला जिरं, हिरवी मिरची आणि दाण्याचं कूट. एक गोष्ट कटाक्षाने पाळा : उपवासाच्या मालासाठी कढई आणि तेल वेगळं. गिऱ्हाईक इथे विश्वासाचे पैसे देतं.

तुमचा गृहपाठ

या रविवारी फक्त १ किलो बटाटे आणा. तीन वजनं वहीत लिहा : आणलेले बटाटे, सोललेले बटाटे, पिळलेला कीस. तळलेला एक नग डब्यात ठेवून अर्ध्या तासाने खाऊन बघा, कारण गिऱ्हाईक तो तेव्हाच खाणार आहे. तो कुरकुरीत लागला आणि वहीतला हिशेब जमला, तरच ऑर्डर घ्या.

ताईंनी हे करून बघितलंय. दर वाढवलाय आणि त्याच गिऱ्हाइकाला स्वतःहून सहा नग चाखायला पाठवलेत. तुम्ही कधी सुरू करताय?