चिखलदऱ्याचा घाट आणि उद्याची वाहने

शहरांतील वाहतुकीच्या भवितव्याविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले व बोलले जाते. मुंबई, पुणे, नागपूर येथील मेट्रो, विजेवर चालणाऱ्या बसगाड्या, चालकावाचून धावणाऱ्या मोटारी हे विषय वर्तमानपत्रांत नित्य येतात. ते वाचून वऱ्हाडातल्या आमच्यासारख्या वाचकांस वाटते की, हा प्रश्न महानगरांचा; आपला त्याच्याशी संबंध काय? आम्हांसही परवापर्यंत असेच वाटत होते. परंतु गेल्या श्रावणात चिखलदऱ्याच्या घाटात सव्वा तास एका जागी उभे राहावे लागले, तेव्हा हा समज पार नाहीसा झाला.

तो रविवारचा दिवस होता. आमचे कुटुंब अकरा माणसांचे. दोन मोटारी करून आम्ही सकाळी अमरावतीहून निघालो. परतवाडा मागे पडले, चढण लागली, धुके खाली उतरू लागले आणि मुलांचा आनंद गगनात मावेना. माथा जवळ आला असताना पुढची मोटार थांबली, तिच्यामागे आमची थांबली आणि पाहता पाहता मागे लांबलचक रांग लागली. काही उतावळ्या मंडळींनी उजव्या बाजूने मोटारी पुढे घातल्या व त्यामुळे खाली येणाऱ्यांचीही वाट बंद झाली. आमच्या मागे एस. टी. ची बस उभी होती. तीत बाजार करून परतणारी माणसे मुकाट्याने बसली होती. समोरून खाली उतरणारी एक जीप आमच्या मोटारीसमोरच येऊन अडकली. तीत एक कोरकू बाई तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन बसली होती. त्याला अचलपूरच्या दवाखान्यात न्यावयाचे होते. आमच्या पुतण्याने व आणखी चारपाच तरुणांनी खाली उतरून एकेक मोटार मागे सरकवली, तेव्हा अर्ध्या तासाने ती जीप वळणापलीकडे गेली.

त्यानंतर वर पोहोचूनही आमच्या घरातील कोणाचे चित्त देखावे पाहण्यात लागले नाही. ह्या लोकांना काही शिस्तच नाही, असे आम्ही रागाने म्हणालो. त्यावर आमच्या सूनबाई हळूच म्हणाल्या, “मामंजी, त्या मुलाची वाट अडवणारे आपणही होतोच की.” ह्या एका वाक्याने आम्हांस निरुत्तर केले. घरी परतल्यावर ह्या विषयावर जे जे वाचावयास मिळाले ते वाचले, घरात त्यावर खल केला आणि त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

प्रथम स्थानाचा विचार करू. मेळघाटातील हे थंड हवेचे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. १८२३ साली हैदराबाद पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन ह्याच्या नजरेस ते आले, असे सांगतात. परंतु आपल्या लोकांस त्याची ओळख त्याहून फार जुनी आहे. कीचकाचा दरा म्हणून कीचकदरा व त्याचे पुढे चिखलदरा झाले, ही कथा आम्ही लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली. भीमकुंडही त्याच कथेची साक्ष देते. येथे नगरपरिषद आहे, परंतु वस्ती सुमारे पाच हजारांची. पावसाळ्यातील एखाद्या सुटीच्या दिवशी ह्या पाच हजारांच्या गावावर बाहेरच्या मोटारींचे जे लोंढे येतात, ते पाहिले म्हणजे मोठ्या शहरांचा रोग येथे छोट्या प्रमाणात, परंतु अगदी स्पष्ट दिसतो. संस्कृतात ज्यास स्थालीपुलाकन्याय म्हणतात आणि मराठीत आपण शितावरून भाताची परीक्षा म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

आमच्या वडिलांच्या वेळी येथे येणे सोपे नव्हते, पण गर्दीचा प्रश्नही नव्हता. मूर्तिजापूरहून अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटरची अरुंद रुळांची आगगाडी होती. तिच्या रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. किलिक निक्सन ह्या इंग्रज व्यापारी घराण्याने वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी हा मार्ग चालवला आणि लोकांनी तिचे नाव प्रेमाने शकुंतला ठेवले. मँचेस्टर येथे १९२१ साली घडवलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत सेवेत होते. आता ती गाडी धावत नाही. ती जलद नव्हती. परंतु एका इंजिनामागे शेकडो माणसे येत आणि कोणाची वाट अडत नसे.

आता थोडे अंकगणित करू. जन्मभर शाळेत शिकवल्यामुळे ती खोड जात नाही. मोटार सुमारे चार मीटर लांब असते आणि पुढेमागे मिळून एक मीटर जागा सोडावी लागते, म्हणजे पाच मीटर झाले. एका मोटारीत चार माणसे धरली, तरी ४४ माणसांसाठी ११ मोटारी व ५५ मीटर रस्ता लागतो. तीच ४४ माणसे एका बसमध्ये मावतात आणि बसची लांबी ११ ते १२ मीटर. एका मोटारीत दोनच माणसे असली, तर तीच रांग ११० मीटरची होते. त्या दिवशी आमच्या पुढेमागे उभ्या असलेल्या मोटारींपैकी बहुतेकांत दोन किंवा तीनच माणसे होती. म्हणजे घाट माणसांनी भरला नव्हता. तो रिकाम्या आसनांनी भरला होता.

दुसरा हिशेब उभ्या मोटारींचा. वह् म्हणजे वाहून नेणे, ह्या धातूपासून वाहन हा शब्द सिद्ध होतो. परंतु वाहतुकीचा अभ्यास करणारे विद्वान दाखवून देतात की, खासगी मोटार आपल्या आयुष्याचा सुमारे ९५ टक्के काळ एका जागी उभी असते. अमेरिकेतील प्राध्यापक डोनाल्ड शूप ह्यांनी ह्या उभ्या मोटारींच्या फुकट जागेची खरी किंमत कोण भरतो, ह्यावर २००५ साली एक मोठा ग्रंथच लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, मोटार उभी करण्याची जागा फुकट दिसली, तरी तिचा खर्च मोटार नसलेल्या माणसासही द्यावा लागतो. एका मोटारीस अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा आणि वळण्यास तितकीच आणखी, असा हिशेब केला, तर शंभर मोटारींस अर्ध्या एकराहून अधिक सपाट जमीन हवी. डोंगरमाथ्यावरील गावी अशी सपाट जमीन आणावयाची कोठून? ती नसते, म्हणूनच मोटारी रस्त्याच्या कडेस उभ्या राहतात आणि तापलेल्या मुलाची जीप अडते.

मग उपाय काय? आमच्या धाकट्या बंधूंनी चटकन सांगितले, “अण्णा, घाट रुंद करावा म्हणजे झाले.” बहुतेकांस हेच सुचते. परंतु ह्या विषयावरील संशोधन नेमके उलट सांगते. अँथनी डाउन्स ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६२ सालीच दाखवले की, मोठ्या शहरात नवा जलद रस्ता बांधला तरी गर्दीच्या वेळी तो पुन्हा पूर्वीसारखाच भरून जातो. कारण रस्ता मोकळा झाल्याचे कळताच नव्या मोटारी त्यावर येतात. पुढे २०११ साली ड्युरॅन्टन व टर्नर ह्या दोघा अभ्यासकांनी अमेरिकेतील शहरांची आकडेवारी तपासली आणि महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणात मोटारींचा प्रवासही वाढतो, असा निष्कर्ष काढला. चिखलदऱ्यास तर आणखी एक अडचण आहे. मेळघाट हा देशातील अगदी पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असून तो १९७४ साली घोषित झाला. येथे डोंगर कापून रस्ता वाढवणे म्हणजे ज्या वनासाठी लोक येतात, त्याच वनावर कुऱ्हाड घालणे होय.

आमचा नातू अभियांत्रिकी शिकतो. त्याचे म्हणणे, “आजोबा, सगळ्या मोटारी विजेच्या झाल्या की प्रश्न सुटेल.” त्यात तथ्य आहे. विजेची गाडी घाटात धूर सोडत नाही; उतरताना तिची चाके यंत्र फिरवून काही वीज पुन्हा साठवतात, हा घाटरस्त्यावरील मोठाच लाभ. परंतु आम्ही त्यास विचारले, “बाळा, विजेची मोटार रस्त्यावर जागा किती अडवते?” तो हसला आणि म्हणाला, “तेवढीच.” तात्पर्य, धूर गेला तरी रांग राहतेच. विजेचा खरा उपयोग बसला आहे. आपल्या एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास गेली आणि तिची विजेवरील शिवाई बस १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर सुरू झाली. अशा गाड्या घाटात आल्या, तर तो खरा पुढचा टप्पा ठरेल.

इतरत्र काय केले आहे, तेही पाहू. स्वित्झर्लंडमधील झेरमाट ह्या पर्वतीय गावी बाहेरच्या मोटारींस प्रवेशच नाही. प्रवाशाने पाच किलोमीटर अलीकडे टेश येथे मोटार ठेवावी व पुढे आगगाडीने जावे, असा नियम आहे आणि गाव ओस पडण्याऐवजी भरभराटीस आले आहे. आपल्याकडे उटी व कोडाईकनाल येथे मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून बाहेरच्या वाहनांस आगाऊ परवाना आवश्यक झाला, आणि त्या डोंगरांस किती भार सोसतो ह्याचा अभ्यास करण्यास नामवंत संस्थांस सांगण्यात आले. २०२५ च्या उन्हाळ्यात तर उटीस रोज ६,००० व शनिवार-रविवारी ८,००० वाहने अशी मर्यादाच घालण्यात आली. स्थानिक वाहने व सार्वजनिक बसगाड्या तीतून वगळल्या होत्या.

आणि माथेरान तर आपल्या घरचेच उदाहरण. तेथे १९०७ साली नेरळहून छोटी आगगाडी गेली व गावात मोटारींस बंदी राहिली. परंतु तेथील कथेला एक दुःखाची बाजूही आहे. मोटारी नाहीत म्हणून कित्येक वर्षे माणसे माणसांस हातरिक्षांत बसवून ओढत राहिली. ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी आणि त्या रिक्षा ओढणाऱ्यांच्या निर्वाहासाठी विजेवरील रिक्षांची योजना करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. त्या पीठाचे प्रमुख तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई हे आमच्या अमरावतीचेच, ह्याचा आम्हांस अभिमान वाटला. ह्यातून धडा असा की, केवळ बंदी घालणे पुरेसे नाही. बंदीचा भार कोणाच्या पाठीवर पडतो, हेही पाहिले पाहिजे.

हाच विचार चिखलदऱ्यास लावू. येथे सिडकोने गोराघाट व हरिकेन पॉइंट ह्यांच्या दरम्यान दरीवरून ४०७ मीटर लांबीचा काचेचा पादचारी पूल उभारण्याचे काम हाती घेतले, तेव्हा येणाऱ्यांची संख्या ह्यापुढे वाढणार हे उघड आहे. पुलाचा नकाशा निघतो, पण त्या पुलापर्यंत माणसे कशी येणार, ह्याचाही नकाशा तितक्याच काळजीने निघाला पाहिजे. आमच्या अल्पमतीप्रमाणे सुटीच्या दिवशी बाहेरच्या मोटारी परतवाड्यास पायथ्याशी ठेवाव्या, तेथून दर पंधरावीस मिनिटांनी लहान बस सोडावी, आणि वर देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगड अशा स्थानांमध्ये विजेवरील लहान गाड्या स्थानिक तरुणांकडून चालवाव्या. रुग्णवाहिका, दुधाच्या गाड्या, गावकऱ्यांची वाहने व अपंग मंडळी ह्यांस कोठेही अडवू नये.

ह्यावर आक्षेप येतील व ते ऐकून घेतले पाहिजेत. हॉटेलवाले म्हणतील, गिऱ्हाईक कमी होईल. झेरमाटचा अनुभव तसा नाही. परंतु बस वेळेवर आली नाही, तर त्यांची भीती खरी ठरेल, हे आम्ही मान्य करतो. बसची खात्री नसताना घातलेली बंदी हा केवळ छळ होय. दुसरा आक्षेप आमच्या घरातूनच आला. आमच्या वहिनींचे गुडघे दुखतात; बसची पायरी त्यांस चढवत नाही. तेव्हा पायरी खाली असलेल्या गाड्या हव्यात, वाहनतळावर बसावयास बाक व स्वच्छ प्रसाधनगृह हवे. ह्या गोष्टी क्षुल्लक वाटतात, परंतु घरातील बायका व वृद्ध माणसे बसने जावयास राजी होतात की नाही, हे त्यांवरच ठरते. केंद्र सरकारच्या २००६ सालच्या नागरी वाहतूक धोरणातही वाहनांपेक्षा माणसांच्या येण्याजाण्यास प्राधान्य द्यावे, हेच तत्त्व सांगितले आहे.

सरकार काय करील ते करो. कुटुंबाच्या हाती काय आहे? एकत्र कुटुंबास बस परवडते, हे आपण विसरूनच गेलो आहोत. १७ मार्च २०२३ पासून एस. टी. त स्त्रियांस अर्धे भाडे झाले. त्यापूर्वी २०२२ सालच्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी गाठलेल्या वृद्धांचा प्रवास विनामूल्य झाला. शेजारी मोटारीने जातो म्हणून आपणही मोटार काढतो. मेंढरांच्या ह्या चालीस संस्कृतात गड्डरिकाप्रवाह म्हणतात.

दिवाळीच्या सुटीत मुलांनी पुन्हा चिखलदऱ्याचा हट्ट धरला, तेव्हा घरात सर्वांनी मिळून ठरवले की, ह्या खेपेस एस. टी. ने जावयाचे, तेही शनिवार-रविवार टाळून. वहिनींस चढताना दोघांनी हात दिला. बसमध्ये गर्दी होती, खिडकीची काच नीट लागत नव्हती आणि आमची पाठ थोडी दुखली, हे खोटे कशाला बोलावे? परंतु खिडकीशी बसलेल्या आमच्या नातीने वाटेत समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीस जागा मिळताना पाहिली आणि घाट संपेपर्यंत ती मोजत राहिली.