काच काळी, म्हणून डोळा सुरक्षित?

मैत्रिणींनो, २५ ऑक्टोबर २०२२चं सूर्यग्रहण आठवतंय? लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी आलं होतं आणि सूर्य ग्रहणातच मावळला होता. त्या संध्याकाळी आमच्या कोपरीत गच्च्यांवर मुलांची गर्दी. कुणाच्या हातात जुनी एक्स-रे फिल्म, कुणाच्या डोळ्यांवर बाबांचा गॉगल, तर कुणी ग्रिलवाल्याकडून वेल्डिंगची काच मागून आणलेली. "काळी आहे ना, मग काही होत नाही," असं आयाही म्हणत होत्या.

नेमकी इथेच गफलत होते. काच किती काळी दिसते, यापेक्षा ती किती आणि कोणता प्रकाश आत सोडते, हे महत्त्वाचं.

उन्हात वापरायचा नेहमीचा गडद गॉगल उजेडाच्या शंभर भागांपैकी आठ ते अठरा भाग आत सोडतो. रस्त्यावर चालायला तो ठीक. पण थेट सूर्याकडे पाहायच्या चष्म्यातून दहा लाख भागांपैकी फार तर बत्तीस भाग आत यावेत, असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. कुठे गॉगल आणि कुठे हे!

वेल्डिंगच्या काचेला नंबर असतो. नंबर वाढला की उजेड कमी. १४ नंबरची काच दहा लाखांत जेमतेम तीन भाग सोडते, तर ११ नंबरची बावन्न! दिसायला दोन्ही काळ्या कुळकुळीत. म्हणून सूर्यासाठी १४ नंबरचीच काच घ्यावी. एक्स-रे फिल्म किंवा काजळी धरलेली काच तर नकोच. उजेड मंद दिसतो, पण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण आत जातात. डोळ्यातल्या पडद्याला दुखणं कळत नाही. इजा कळते ती काही तासांनी, आणि पुष्कळदा ती कायमची असते.

रोजच्या गॉगलचंही तेच. काच नुसतीच गडद असेल आणि अतिनील किरण अडवत नसेल, तर अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि ते किरण उलट जास्तच आत शिरतात. त्यामुळे मुलांसाठी गॉगल घेताना रंग बघू नका, 'यूव्ही ४००' आहे का ते विचारा. नुसत्या चिकटपट्टीवर विश्वास नसेल तर चष्मेवाल्याकडे यंत्रावर तपासून घ्या. अतिनील किरण अडवायला काच काळी असावीच लागते असंही नाही. पारदर्शक काचही ते अडवू शकते.

आता २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाळी ढगांतून सूर्य डोकावला, तर ग्रहणाचा प्रमाणित चष्मा लावूनच बघा. चष्म्यावर ओरखडा किंवा भोक असेल तर तो सरळ टाकून द्या. आणि चष्मा नसेल तर? सूर्याकडे पाठ करा आणि स्वयंपाकघरातली मोठ्या भोकांची चाळणी उन्हात धरा. जमिनीवर प्रत्येक भोकाखाली एकेक छोटी चंद्रकोर उमटेल. पोरं खूश, आणि डोळेही शाबूत!