प्रादेशिक नभोवाणी : ऐकणाऱ्या गांवाचें उत्तर

नभोवाणीचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे तो बहुधा यंत्रांचा आणि सनावळीचा इतिहास होऊन बसतो. मला आज त्यांतील एकच धागा हातीं घ्यावयाचा आहे. ज्याला आपण प्रादेशिक केंद्र म्हणतों त्याचें प्रादेशिकपण नेमकें कशांत असतें? तें भाषेंत असतें, असा पुष्कळांचा समज आहे. मला तो अपुरा वाटतो. केंद्र प्रदेशाशीं त्याच्या भाषेंत बोललें एवढ्यानें भागत नाहीं. त्या प्रदेशालाहि केंद्राशीं बोलतां आलें पाहिजे.

आकाशवाणी हें नांव म्हैसूरच्या एका खासगी केंद्रानें १९३५ च्या सुमारास घेतलें व पुढें तें साऱ्या देशाचें झालें. नांव सुंदर खरें. परंतु पुराणांतल्या आकाशवाणीला प्रतिप्रश्न करतां येत नाहीं. कंसानें ती ऐकली, आणि त्याला विचारावयाला समोर कोणी नव्हतें!

आपल्याकडील आरंभींची नभोवाणी थोडीफार तशीच होती. २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें मुंबईंत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें. प्रक्षेपकाची शक्ति अवघी दीड किलोवॅट. आवाज नीट पोंचावयाचा तो सुमारें ४८ किलोमीटरपर्यंत. उत्पन्नाची भिस्त परवान्यांच्या शुल्कावर, आणि १९२९ च्या अखेरीसहि परवाने आठ हजारांच्या आंतच. १९३० च्या मार्चमध्यें कंपनीनें गाशा गुंडाळला व एप्रिलपासून सरकारनें तें काम हातीं घेतलें. स्वातंत्र्याच्या वेळीं भारताच्या वाट्याला सहा केंद्रें आलीं. मराठी मुलखांत त्यांपैकीं एकटी मुंबई. नागपूरचें केंद्र १९४८ सालीं निघालें, पुण्याचें १९५३ सालीं.

येथें थोडें यंत्राचें सांगणें प्राप्त आहे. मध्यम लहरी जमिनीला बिलगून जातात. डोंगर आडवा आला तरी त्याला बऱ्याच अंशीं वळसा घालतात, आणि रात्रीं वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरावरून परतून आणखी दूर पोंचतात. म्हणूनच पुण्यासारखें एक केंद्र अनेक जिल्ह्यांना पुरे पडूं शकलें. पुढें आलेल्या एफ्. एम्. चा आवाज अधिक स्वच्छ आहे, पण त्या लहरी दृष्टीच्या रेषेंत धांवतात. सह्याद्रीची एक सोंड मध्यें आली कीं पलीकडचें गांव बहिरें झालेंच.

पुणें केंद्राचें नांव काढतांच आपणां शहरवासीयांना गीतरामायण आठवतें. एप्रिल १९५५ पासून एप्रिल १९५६ पर्यंत माडगूळकर आणि फडके यांचीं ५६ गीतें येथून प्रसारित झालीं. त्यांचें गुणगान मीं काय करावें? परंतु त्याच केंद्रावरून, त्याच वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत, दुसरें एक मोठें काम चाललें होतें. त्याची आठवण मात्र फारशी कोणीं ठेवली नाहीं.

फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळांत युनेस्कोच्या साहाय्यानें तत्कालीन मुंबई राज्याच्या पांच मराठी जिल्ह्यांतील सुमारें दीडशें गांवांत ग्रामीण श्रोतृमंडळें स्थापन करण्यांत आलीं. मूळ कल्पना कॅनडांतील शेतकऱ्यांच्या मंडळांची. मंडळांत वीसेक माणसें. एक अध्यक्ष, एक निमंत्रक. आठवड्यांतून दोनदां, सायंकाळीं, अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. शेती, गुरें, आरोग्य, गांवचा कारभार असे विषय असत. असे वीस कार्यक्रम झाले. खरी गोष्ट पुढें होती. कार्यक्रम संपला कीं रेडिओ बंद व्हावयाचा आणि मंडळी बोलूं लागावयाची. कोणाला पटलें, कोणाला नाहीं, अडचण कोठें आहे, हें निमंत्रक टिपून घेई व शंका केंद्राकडे जात. पुढच्या एखाद्या कार्यक्रमांत त्यांचीं उत्तरें मिळत. बांधावरच्या माणसाची शंका पुण्याच्या ध्वनिक्षेपकावरून त्याच्याच गांवांत परत यावयाची, याचें मोल केवढें!

यामुळें भाषेलाहि वळण लागतें. मीं शाळेंत बरींच वर्षें भूगोल शिकविला. ‘मृदासंधारण’ हा शब्द फळ्यावर शोभून दिसतो. परंतु ऐकणाऱ्याला पान मागें उलटतां येत नाहीं. त्याला ‘माती वाहून जाऊं नये म्हणून बांध घाला’ असेंच सांगावें लागतें. आम्हां मास्तरांना हें उशिरा समजतें, कारण वर्गांत आमचें न समजलेलें बोलणेंहि मुलें मुकाट्यानें ऐकून घेतात.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें या प्रयोगाची रीतसर तपासणी केली. मंडळाचीं गांवें, नुसता रेडिओ असलेलीं गांवें आणि रेडिओच नसलेलीं गांवें अशी तुलना झाली. मंडळांच्या गांवांत लोकांचें ज्ञान पुष्कळ वाढलें. जेथें नुसतें यंत्र होतें तेथें फारच थोडें. १९५९ सालीं ही योजना देशभर नेण्यांत आली.

मग ती मावळली कां? सरकारी उत्साह ओसरला हें एक कारण असेल. मला मात्र ट्रान्झिस्टरचाहि त्यांत हात दिसतो. खिशाएवढा रेडिओ जो तो घेऊन बसला आणि चावडीवरील बैठक मोडली. ऐकणारे वाढले, एकत्र ऐकणें कमी झालें.

आतां तर भ्रमणध्वनीवर पुण्याचें केंद्र लंडनलाहि ऐकूं येतें. मग केंद्र कोठें आहे याला महत्त्व काय, असें कोणी म्हणेल. जून २०२३ मध्यें पुणें केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तें काम छत्रपती संभाजीनगरला नेण्याचा निर्णय झाला होता. लोकांनीं विरोध केला व त्याला स्थगिती मिळाली. तो विरोध निव्वळ अभिमानापोटीं होता असें मला वाटत नाहीं. बातमी कोठूनहि वाचतां येईल. पण धरणाचें पाणी कोणत्या फाट्याला पोंचलें नाहीं हें कळावयास तेथें जाणारा व तेथल्यांना ओळखणारा माणूस लागतो.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिला. २००६ सालच्या धोरणानें शिक्षणसंस्थांप्रमाणें सेवाभावी संस्थांनाहि लहान केंद्रें काढण्याची मुभा मिळाली. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यांत, म्हसवड येथें, माणदेशी तरंग वाहिनी २००८ सालीं सुरू झाली ती या वाटेनें. अशा केंद्राचा प्रक्षेपक साधारणतः शंभर वॅटचा; आवाज दहापंधरा किलोमीटरपलीकडे सहसा जात नाहीं. मुंबईच्या पहिल्या केंद्राचा पल्लाहि याहून मोठा होता. पण येथें ध्वनिक्षेपकापुढें बसणारी बाई ऐकणारीच्या शेजारच्या गांवची असते, आणि तिला उत्तर द्यावयाचें तर चालत जाऊनहि देतां येतें.