मकबरा पाहिला, वेरूळ पाहिले. माग कोण दाखवणार?

मालेगावचे एक हाजीसाहेब आमचे जुने मेहरबान. सूत आणि कोऱ्या कापडाचा त्यांचा आमचा व्यवहार वीस वर्षांहून अधिक. या वेळी ते बेगम आणि दोन मुलांना घेऊन आमच्या औरंगाबादला आले. (2023 पासून शहराचे सरकारी नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे, आमच्या जुन्या वहीत मात्र पत्ता औरंगाबादच लिहिलेला आहे, म्हणून इथेही तसेच लिहितो.) सकाळी दुकानावर चहा घेताना त्यांनी विचारले, "तुमच्या शहरात पाहण्यासारखे काय काय आहे?" गिऱ्हाईक समोर उभे होते. आम्ही घाईत म्हणालो, "मकबरा, पनचक्की, दौलताबाद, वेरूळ. टॅक्सीवाल्याला सांगा, तो एका दिवसात सगळे फिरवून आणील."

संध्याकाळी मंडळी थकून परत आली. मुलांच्या बुटांवर धूळ आणि बेगमसाहेबांच्या हातात एक शाल. टॅक्सीवाल्याने वाटेत एका दुकानात नेले होते. तिथे 'हाताने विणलेली अस्सल हिमरू' म्हणून ती शाल गळ्यात पडली. हाजीसाहेबांनी ती दिव्याखाली धरली, उलटी केली, किनार बोटांनी चाचपली आणि हसू लागले. म्हणाले, "भाईजान, आम्ही तीस वर्षे पॉवरलूम चालवले. हातमागाच्या नावाखाली मशीनचा माल आमच्याच घरात आला!"

ते हसले, पण आम्हाला हसू आले नाही. कारण सांगतो.

1998 च्या सुमारास आमच्याही दुकानात अशा शाली होत्या. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'हिमरू' लिहिलेले होते. माल यंत्रमागाचा होता, धागा नकली रेशमाचा होता. पुण्याच्या एका शिक्षिकाबाईंनी आमच्या नोकराला विचारले, "ही हातमागाची आहे ना?" त्याने मान डोलावली. आम्ही गादीवर बसून सर्व ऐकत होतो आणि गप्प राहिलो. बाईंनी तीन शाली घेतल्या. त्या रात्री गल्ला मोजताना तेवढ्या नोटा हाताला जड लागल्या, हे खरे. तरीही माल लगेच बंद केला नाही. साठा संपेपर्यंत विकला. म्हणून टॅक्सीवाल्याला किंवा त्या दुकानदाराला नावे ठेवण्याचा हक्क आम्हाला फारसा नाही.

हाजीसाहेबांना आम्ही आणखी दोन दिवस थांबवून घेतले. जे पाहून झाले होते तेही पुन्हा पाहायला लावले, या वेळी दुकान मुलावर सोपवून स्वतः बरोबर गेलो. व्यापारी बंधू खरेदीसाठी, लग्नासाठी किंवा उरुसासाठी इकडे येतच असतात. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून आम्ही काय दाखवले ते लिहितो.

सात आण्यांचा हिशेब

बीबी का मकबरा दुपारच्या उन्हात पाहू नये. दिवस कलला की जावे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू, म्हणजेच राबिया-उद-दौरानी, 1657 मध्ये वारली. तिची ही कबर. लोक याला 'गरिबांचा ताज' म्हणतात आणि ताजमहालाशी तुलना करून निराश होतात. आम्हाला ही तुलनाच चुकीची वाटते. खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला संगमरवर, मधल्या भागात दगड आणि त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. पैसा मोजका होता, पण कारागिरी मोजकी नव्हती. मुख्य दरवाजावर पितळेचे पत्रे आहेत, त्यांवरची फुलांची नक्षी जवळून पाहावी. शिल्पकार अताउल्ला आणि त्याच्या जोडीचा हंसपत राय, दोघांची नावे तिथे नोंदलेली आहेत. कारागिराचे नाव दारावर असावे, ही गोष्ट आम्हाला फार आवडते.

खर्चाचा जो आकडा जुन्या कागदांतून सांगितला जातो तो असा: 6,68,203 रुपये 7 आणे. हाजीसाहेब म्हणाले, "सात आणेसुद्धा सोडले नाहीत!" हिशेब ठेवणारा मुनीम कोण होता कोण जाणे, पण आपल्या बिरादरीत शोभला असता.

मकबऱ्यापासून पनचक्की जवळ आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही 18 व्या शतकातली करामत. कित्येक किलोमीटर दूरच्या डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी जमिनीखालून आणले, भिंतीवर चढवले आणि तिथून हौदात धार सोडली. त्या धारेच्या जोरावर चक्की फिरे आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी धान्य दळले जाई. वीज नाही, डिझेल नाही. हौदाच्या खाली दालन आहे. म्हणजे दालनाचे छत तेच हौदाचा तळ. उन्हाळ्यात तिथे बसले की उठावेसे वाटत नाही. शेजारून वाहणाऱ्या खाम नदीकडे मात्र नाकाला रुमाल लावूनच पाहावे लागे, अशी तिची दशा आम्ही वर्षानुवर्षे पाहिली. त्यात शहरवाल्यांचा, म्हणजे आमचाही वाटा आहे.

डोंगराकडचा रस्ता

दुसऱ्या दिवशी फजरनंतर लगेच निघालो. दौलताबादचा किल्ला सकाळीच चढावा. सुमारे पंधरा किलोमीटर अंतर आहे. यादवांची ही देवगिरी. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकने इथे राजधानी आणली. चाँद मिनार बहामनी काळातला, दोनशे फुटांच्या वर उंच. पुढे अंधारी नावाचा भुयारी मार्ग आहे, तिथे मुलांचा हात सोडू नये. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबून सीताफळे खावीत, हंगाम असेल तर. आम्ही तेच केले.

तुघलकाबरोबर दिल्लीहून जे लोक आले त्यांत विणकर होते आणि कागद करणारेही होते, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. खुलदाबादच्या वाटेवर कागजीपुरा गाव आहे. इथला हातकागद एके काळी दख्खनभर दफ्तरांत वापरला जाई. आज हाताने कागद करणारे हात मोजकेच उरले आहेत. बहुतेक गाड्या इथे थांबतच नाहीत. आम्ही थांबलो. साच्यावर लगदा उचलून पाणी निथळताना हाजीसाहेबांच्या धाकट्या मुलाने जे पाहिले, ते त्याने वेरूळलाही तेवढे टक लावून पाहिले नाही.

खुलदाबादला शेख बुऱ्हानुद्दीन गरीब, जर जरी जर बक्ष, झैनुद्दीन शिराजी अशा बुजुर्गांचे दर्गे आहेत. झैनुद्दीन शिराजींच्या आवारात औरंगजेबाची कबर, वर छत नाही, मातीत रोप लावलेले. टोप्या शिवून मिळालेल्या 4 रुपये 2 आण्यांत कफन-दफन व्हावे अशी त्याची वसीयत होती, असे सांगतात. भोवतीची संगमरवरी जाळी लॉर्ड कर्झनच्या सांगण्यावरून निजामाने बसवली. शहर वसवणाऱ्या मलिक अंबरचा मकबराही याच गावात आहे. 1610 मध्ये खडकी गाव वसवणारा हा हबशी गुलाम, पुढे निजामशाहीचा वजीर झाला. त्याच्या कबरीकडे फार कमी लोक वळतात. याच गावात भद्रा मारुतीचे देऊळ आहे आणि तिथेही शनिवारी मोठी गर्दी असते. हार-फुलांची आणि मिठाईची दुकाने दोन्हीकडच्या भाविकांवर चालतात. रबीउल अव्वलमध्ये जर जरी जर बक्ष यांचा उरूस भरतो, तेव्हा बांगड्या, खेळणी, मिठाई, पाळणे असा बाजार लागतो. छोट्या विक्रेत्यांनी ही तारीख वहीत लिहून ठेवावी.

वेरूळबद्दल आम्ही काय सांगणार? 34 लेणी: 12 बौद्ध, 17 हिंदू, 5 जैन. कैलास लेणे एकाच खडकातून वरून खाली कोरत आणले आहे. एक घाव चुकला तर दुसरा दगड आणून जोडण्याची सोय नाही. आम्ही कापडवाले निदान कापड परत विणू शकतो. मंगळवारी वेरूळ बंद असते आणि सोमवारी अजिंठा. एवढे न पाहता निघणारे पाहुणे आम्ही दर महिन्याला हिरमुसून परतताना पाहतो.

अजिंठा शंभर किलोमीटरच्या आसपास, त्याला पूर्ण दिवस द्यावा. तिथे सगळे चेहरे पाहतात. आमची बिरादरी असेल तर तिने कपडे पाहावेत. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रांत पट्ट्यांचे कापड आहे, ठिपक्यांचे आहे, हंसांच्या नक्षीचे आहे. जुन्या हिमरूच्या नक्ष्यांत अजिंठ्याची वेलबुट्टी उतरली ती तिथूनच.

जेवणाचे थोडक्यात. नान खलिया खाल्ल्याशिवाय शहर सोडू नये. वरून पिवळी, आतून मऊ नान आणि मसालेदार खलिया. हाही तुघलकाच्या लष्कराबरोबर आला म्हणतात. लग्नातला खलिया दुकानातल्यापेक्षा चांगला असतो, हे आमचे प्रामाणिक मत. गोडात गुलमंडीची इमरती.

हिमरू म्हणजे काय

आता मूळ मुद्द्यावर येतो. पाहुणा एवढे सर्व पाहतो आणि आठवण म्हणून कापड घेऊन जातो. त्या कापडाचे काय?

किनखाब हे राजेरजवाड्यांचे कापड, रेशीम आणि जर यांचे. त्याच्यासारखे दिसणारे, पण सुताच्या ताण्यावर रेशमी नक्षी काढलेले ते हिमरू. ज्याला किनखाब परवडत नव्हते त्याने हिमरूची शेरवानी शिवली. पुढे निजामाच्या दरबारात तिचीच शान झाली. ताजमहालाच्या शेजारी मकबरा जसा, तसे किनखाबाच्या शेजारी हिमरू. मशरूची गोष्ट वेगळी. पुरुषांना निव्वळ रेशीम वर्ज्य, म्हणून विणकरांनी रेशीम वरच्या बाजूला आणि सूत अंगाच्या बाजूला येईल असे कापड काढले. मशरू या शब्दाचा अर्थच 'शरियतने परवानगी दिलेले'. विणकराच्या डोक्यातून निघालेला हा तोडगा.

1948 मध्ये निजामाचे राज्य गेले आणि शेरवानीचे गिऱ्हाईक कमी झाले. नंतर यंत्रमाग आले, नकली रेशीम आले. हातमागाचा खर्च त्यापुढे टिकेना. आज 'हिमरू' नावाने बाजारात दिसणारा बहुतेक माल यंत्राचा आहे. तो वाईट नाही. उबदार आहे, स्वस्त आहे, गरिबालाही घेता येतो. फक्त त्याला हातमागाचे म्हणू नये.

ओळखायचे कसे? एक धागा उपसून जाळावा. सूत कागदासारखे जळते, अस्सल रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पण नकली रेशीमही सुतासारखेच जळते, म्हणून एवढ्यावर विसंबू नये. हातमागाची किनार अगदी रुळासारखी सरळ नसते. पैठणीत तपासणी सोपी: हातमागाच्या पैठणीची पदराची नक्षी उलट बाजूनेही जवळपास तशीच दिसते, मागे कापलेल्या, लोंबत्या धाग्यांचे जंगल नसते. हिमरूच्या मागे मात्र मोकळे धागे असतातच, तेव्हा पैठणीचा नियम हिमरूला लावू नये. येवला आणि पैठणच्या पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हातमागासाठी सरकारचे हँडलूम मार्क 2006 पासून आहे, रेशमासाठी सिल्क मार्क आहे. ही चिन्हे मागून घ्यावीत. आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे दुकानदाराला म्हणावे, "माग दाखवा."

आमच्या शहरबंधूंना याच जागी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. ड्रायव्हरला दलाली देण्याची रीत आहे. आम्हीही दिली आहे. पण ती रक्कम शालीच्या किमतीत चढवली की मालात काय उरते? त्याऐवजी दुकानात दोन फळ्या ठेवाव्यात, एकीवर 'हातमाग', दुसरीवर 'यंत्रमाग', आणि दोन्हींचा भाव लिहून लावावा. आम्ही चार वर्षांपूर्वी तसे केले. पहिल्या हंगामात विक्री घटली, हे लपवत नाही. हातमागाच्या फळीवर आजही थोडाच माल असतो, कारण विणणाराच मिळत नाही. पण जो त्या फळीवरून नेतो तो पुढच्या वर्षी माणूस पाठवतो. समृद्धी महामार्गावरून आता नागपूर-मुंबईच्या गाड्या इकडे येतात, अर्धा दिवस थांबतात आणि शिर्डीकडे निघून जातात. अर्ध्या दिवसात त्यांना वेरूळ होणार नाही. पण मकबऱ्यानंतर पाऊण तास मागाजवळ होऊ शकतो.

हाजीसाहेबांना तिसऱ्या दिवशी आम्ही जुन्या शहरातल्या एका उस्तादांकडे नेले. एक खोली, एक माग, खिडकीतून येणारा उजेड. उस्तादांचा मुलगा रिक्षा चालवतो. मागावर बसायला त्याने नकार दिला आहे आणि उस्तादांनी त्याला आग्रहही केलेला नाही. नक्षी बारीक असेल तर दिवसभरात वीत-दीड वीतच कापड होते, असे ते म्हणाले. हाजीसाहेब मागाशी खाली बसले. तीस वर्षे पॉवरलूमच्या खडखडाटात काढलेला माणूस, त्या धोट्याच्या आवाजाकडे बराच वेळ कान देऊन राहिला. मग त्यांनी भाव विचारला. उस्तादांनी सांगितला. मालेगावचा व्यापारी आणि घासाघीस केली नाही, हे आम्ही पहिल्यांदाच पाहिले.

थोरल्या मुलाचे लग्न आहे. शेरवानीपुरते कापड हवे, रंग काळसर निळा, बुट्टी पानाची. अर्धे पैसे आगाऊ दिले आहेत. रमजानपूर्वी कापड उतरेल असे उस्तादांनी कबूल केले आहे, आणि आठवड्यातून एकदा जाऊन पाहण्याचे काम आमच्याकडे आहे.