विश्लेषण : प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार करायची, पण कोणाकडे?

संघात कोण खेळणार, स्पर्धेला कोण जाणार, शिफारसपत्र कोणाला मिळणार, हे बहुतेक शाळा-क्लबांत एकच माणूस ठरवतो. म्हणूनच त्याच्याविरुद्ध बोलणे म्हणजे संघातली जागा गमावणे, असे मुले गृहीत धरतात. जानेवारी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय पदकविजेत्या मल्लांनाही न्यायासाठी दिल्लीत जंतरमंतरवर बसावे लागले. मग तालुक्याच्या कबड्डी संघातील मुलीने काय करावे?

भांडण की गैरवर्तन?

कर्णधारपद, खेळण्याची संधी, सरावाच्या वेळा यांवरून होणारे वाद समोरासमोर बसून मिटतात, मिटवावेतही. मारहाण, अश्लील शेरेबाजी, नको तेथे स्पर्श, रात्री-अपरात्री खासगी मेसेज हे मात्र ‘वाद’ नव्हेत. तेथे ‘मिटवून घ्या’ म्हणणारा दोषी व्यक्तीलाच मदत करतो. शाळा-महाविद्यालयाच्या संघातील सीनिअर खेळाडूंनी धाकट्यांचा छळ केल्यास राज्याचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा लागू होऊ शकतो. त्यानुसार संस्थाप्रमुखाने तक्रारीची चौकशी सात दिवसांत करायची असते.

कायदा काय सांगतो?

१८ वर्षांखालील मुला-मुलींवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे ‘पॉक्सो’च्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. ‘आधी आमची समिती बघेल’ ही सबब चालत नाही. माहिती दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही, आणि तक्रार खोटी ठरली तरी मुलाला शिक्षा नाही. पालकांना हे सहसा ठाऊक नसते.

महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था, मैदाने, निवासी प्रशिक्षण केंद्रे यांचाही ‘कामाची जागा’ म्हणून समावेश आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या क्लबविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. मुदत सर्वसाधारणपणे तीन महिने. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यातही महिला व अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आहे, पण तिचा भर राष्ट्रीय संघटनांवर आहे. गल्लीतल्या क्लबपर्यंत ती कधी झिरपेल, हा वेगळा प्रश्न.

चौकशी सुरू असताना कोणी बाजूला व्हायचे?

नेमके येथेच घोडे पेंड खाते. ‘प्रकरण शांत होईपर्यंत सरावाला येऊ नकोस’ असे तक्रारदारालाच सांगितले जाते. हंगाम बुडतो तिचा. बाजूला करायला हवे ते प्रशिक्षकाला. ती शिक्षा नव्हे, त्याचीही बाजू लेखी घ्यावीच. तक्रार स्वीकारणारी व्यक्ती निवड समितीतली नसावी, हेही तितकेच महत्त्वाचे.

अमेरिकेत जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याचे प्रकरण उघड झाल्यावर नियम कडक झाले. प्रौढ आणि अल्पवयीन खेळाडू यांची भेट इतरांना दिसेल, मध्ये येता येईल अशाच जागी व्हावी, हा त्यांतला एक. त्याला पैसा लागत नाही. प्रशिक्षकाच्या प्रत्येक मेसेजमध्ये पालक असावेत, मुक्कामी एका खोलीत प्रशिक्षक आणि मूल नसावे, हे कोणताही क्लब उद्यापासून ठरवू शकतो.

तातडीच्या मदतीसाठी चाइल्डलाइनचा १०९८ हा निःशुल्क क्रमांक आहे; त्यावर मूल स्वतःही फोन करू शकते.