दाखल्याला उशीर होतोय? अपील करता येते

तुमचे कुटुंब वाराणसीच्या ब्रह्मा घाटावर राहते आणि काही कागद अजून महाराष्ट्रातून आणावे लागतात? मग लक्षात ठेवा: कार्यालय ज्या राज्याचे, कायदा त्या राज्याचा.

• वाराणसीच्या तहसीलातील ‘आय’ किंवा ‘निवास’ प्रमाणपत्र: उत्तर प्रदेश जनहित गारंटी अधिनियम, २०११
• महाराष्ट्रातील दाखला: महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५

काय बदलले?
पूर्वी उशिराचा जाब कोणाला विचारायचा, हेच कळत नसे. आता अधिसूचित सेवेची मुदत आणि जबाबदार अधिकारी ठरलेले असतात. सबळ कारणाशिवाय काम रखडवल्यास त्या अधिकाऱ्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तुम्ही काय करावे?
१. अर्जाची पोच घ्या आणि जपून ठेवा. ‘उद्या या’ एवढ्यावर परतू नका.
२. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिले अपील करा.
३. तिथेही समाधान न झाल्यास दुसरे अपील करा. महाराष्ट्रात तिसरे अपील राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे करता येते.

अधिकाऱ्याला दंड झाला, तरी हुकलेली प्रवेशाची तारीख परत मिळत नाही. म्हणून अर्ज वेळेआधीच करा.