सर्व्हरची देखभाल आणि अचानक गेलेली वीज: उपाय एक नाही, दोन

धंदा थोडा वाढला की ऑफिसात सर्व्हर येतो. त्या एकाच सर्व्हरवर दोन-तीन व्हर्च्युअल मशीन चालतात: एकावर टॅली, एकावर बिलिंग, एकावर फाईल्स. खर्च वाचतो, हे खरं. पण तो सर्व्हर थांबला की तिन्ही कामं एकदम थांबतात. आणि नेमकी जीएसटीआर-३बी भरायची २० तारीख असली तर?

आता बघा, सर्व्हर दोन कारणांनी थांबतो. एक, आपण देखभालीसाठी ठरवून बंद करतो. दोन, न सांगता वीज जाते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. इथेच गल्लत होते आणि पैसे भलतीकडे जातात.

१. ठरवून केलेली देखभाल

रॅम वाढवायची आहे, अपडेट टाकायचं आहे. अशा वेळी चालू मशीन दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येतं. याला लाईव्ह मायग्रेशन म्हणतात. मशीनची मेमरी नेटवर्कवरून कॉपी होत राहते आणि शेवटी अगदी क्षणभर मशीन थांबतं. काम करणाऱ्याला सहसा कळतही नाही. प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही, व्हीएमवेअर, तिन्हींत ही सोय आहे. मात्र दोन्ही सर्व्हरचे प्रोसेसर एकाच कंपनीचे घ्या. एक इंटेल आणि एक एएमडी असेल तर अडचण येते.

२. अचानक वीज जाणं

इथे लाईव्ह मायग्रेशन कामाचं नाही, कारण हलवायला वेळच मिळत नाही. इथे हवा यूपीएस. साधा इन्व्हर्टर बॅटरीवर यायला जो क्षण घेतो, तेवढ्यातही सर्व्हर रीस्टार्ट होऊ शकतो.

यूपीएस घेताना व्हीए नाही, वॅट विचारा. १ केव्हीए आणि पॉवर फॅक्टर ०.८ म्हणजे ८०० वॅट. नेटवर्क स्विचही त्यावरच जोडा. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला लावून ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’सारखं मोफत सॉफ्टवेअर बसवा. बॅटरी संपत आली की ते आधी मशीन आणि मग सर्व्हर नीट बंद करतं. डेटा खराब होण्याचा मोठा धोका इथेच टळतो.

हाय अव्हेलेबिलिटीबद्दल एक गैरसमज

एक सर्व्हर अचानक बंद पडला तर मशीन दुसऱ्यावर आपोआप सुरू होतं. पण ते नव्याने सुरू होतं. सेव्ह न केलेलं काम जातं. शिवाय मशीनचा डेटा दुसऱ्या सर्व्हरलाही मिळायला हवा. प्रॉक्समॉक्समध्ये बहुमतासाठी तिसरं मत लागतं. त्यासाठी रास्पबेरी पायसारखा छोटा कॉम्प्युटरही पुरतो.

मग घ्यायचं काय?

स्वतःला विचारा, काउंटर किती वेळ थांबलं तर चालेल? अर्धा-एक तास चालत असेल तर एक सर्व्हर, चांगला यूपीएस आणि रोजचा बॅकअप. पाच मिनिटंही परवडत नसतील तरच दुसऱ्या सर्व्हरचा खर्च करा.

या आठवड्यात एवढं करा: दुकान बंद झाल्यावर बॅकअप घ्या, सगळ्यांना लॉगआउट करा आणि यूपीएसचा मेन स्विच बंद करा. किती मिनिटं टिकतं, मशीन नीट बंद होतात का, वहीत लिहा. लेड-ॲसिड बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षांत उतरते, म्हणून ही चाचणी दर सहा महिन्यांनी करा.

वीज कधी जाईल हे आपल्या हातात नाही. तयारी आहे.